महाविद्यालयाची निवड आणि एक साधा मंगळवार

महाराष्ट्रात दरवर्षी मे महिन्यापासून ऑगस्टपर्यंत असंख्य कुटुंबे एकाच प्रश्नाने घेरलेली असतात आणि तो प्रश्न म्हणजे बारावीनंतर मुलाने किंवा मुलीने कोणत्या महाविद्यालयात प्रवेश घ्यावा. प्रश्न जुना आहे, परंतु तो सोडवण्याची रीत गेल्या चाळीस वर्षांत पुरती बदलली आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने खासगी संस्थांना विनाअनुदान तत्त्वावर, म्हणजे शासनाकडून वेतनाचा खर्च न घेता विद्यार्थ्यांच्या शुल्कावर कारभार चालवण्याच्या अटीवर, अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्याची वाट मोकळी करून दिली. तोवर पुण्याचे १८५४ पासूनचे अभियांत्रिकी महाविद्यालय, मुंबईची १८८७ ची व्हीजेटीआय, सांगलीचे १९४७ चे वालचंद अशी मोजकीच नावे विद्यार्थ्यापुढे होती आणि त्यांपैकी एकात प्रवेश मिळाला की निवडीचा प्रश्न तिथेच संपत असे. आज एकेका जिल्ह्यात अनेक महाविद्यालये आहेत, रस्त्याकडेच्या फलकांवर त्यांची नावे झळकतात, आणि पर्याय वाढल्यामुळे निवडीची जबाबदारी कुटुंबाच्या गळ्यात पडली आहे. ती निभावताना बहुतेक कुटुंबे मागील वर्षाचा कटऑफ, सर्वांत मोठे पॅकेज आणि नॅकची श्रेणी या तीनच गोष्टी पाहतात. या तिन्ही गोष्टी महाविद्यालयाविषयी जेवढे सांगतात त्याहून अधिक दुसऱ्याच कशाविषयी सांगतात, आणि महाविद्यालय स्वतः काय करते हे पाहायचे तर त्याच्या एखाद्या साध्या कामाच्या दिवसाकडे पाहावे लागते, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

प्रथम कटऑफ. राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत घेतल्या जाणाऱ्या सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये, म्हणजेच शततमकात, जाहीर होतो. पंचाण्णव पर्सेंटाइलचा अर्थ विद्यार्थ्याला पंचाण्णव टक्के गुण मिळाले असा नसून परीक्षेला बसलेल्यांपैकी पंचाण्णव टक्के विद्यार्थी त्याच्या बरोबरीने वा त्याच्या मागे आहेत, एवढाच असतो. केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत, जिला सर्वजण 'कॅप' म्हणतात, एखाद्या शाखेत शेवटची जागा ज्या विद्यार्थ्याला मिळाली त्याचे पर्सेंटाइल म्हणजे त्या शाखेचा कटऑफ. या याद्या वाचणे हेही एक कौशल्यच आहे, कारण एकाच शाखेसमोर प्रवर्गाप्रमाणे आणि स्तराप्रमाणे अनेक आकडे छापलेले असतात, त्यांतील सांकेतिक नावाचे शेवटचे अक्षर ती जागा स्वविद्यापीठाची, परविद्यापीठाची की राज्यस्तराची हे सांगते, आणि घाईत चुकीच्या रकान्यावर बोट ठेवून वर्षाचे नियोजन करणारे पालक दरवर्षी सायबर कॅफेत आढळतात. पण रकाना बरोबर वाचला तरी मूळ अडचण राहतेच. एकाच महाविद्यालयात संगणक शाखेचा कटऑफ आणि स्थापत्य शाखेचा कटऑफ यांत मोठे अंतर असते. प्रवेशद्वार तेच, ग्रंथालय तेच, प्राचार्य तेच, आणि पुष्कळदा स्थापत्य विभागातील अध्यापक अधिक अनुभवी व तेथील प्रयोगशाळा अधिक सुसज्ज असते. हे अंतर अध्यापनाच्या दर्जाने पडत नाही, नोकरीच्या बाजारातील वाऱ्याने पडते. कटऑफ मागणी मोजतो; शिवाय यंदाची मागणी गतवर्षीच्या कटऑफकडे पाहून ठरत असल्याने तो स्वतःच्याच सावलीच्या मागे धावतो. त्यातून एक गोष्ट मात्र खरोखर कळते, ती म्हणजे वर्गात शेजारच्या बाकावर कशी तयारी असलेला विद्यार्थी बसेल; सहाध्यायी हा शिक्षणाचा मोठा भाग असल्याने ही माहिती क्षुल्लक मानता येत नाही.

या संदर्भात विद्यापीठीय रचनेचा एक जुना विशेष ध्यानात घेतला पाहिजे. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले तेव्हा त्याच्यापुढे लंडन विद्यापीठाचा नमुना होता. विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवावा, परीक्षा घ्यावी, पदवी द्यावी, आणि शिकवण्याचे काम त्याच्याशी जोडलेल्या महाविद्यालयांनी करावे, अशी ही संलग्नतेची पद्धती होती. पुढे पुणे, कोल्हापूर, औरंगाबाद येथे निघालेल्या विद्यापीठांनीही तीच चालवली. स्वायत्त महाविद्यालये, म्हणजे विद्यापीठाच्या छत्राखाली राहून अभ्यासक्रम व परीक्षा स्वतः ठरवण्याची मुभा मिळालेली महाविद्यालये, अलीकडे वाढली असली तरी राज्यातील बहुसंख्य विद्यार्थी आजही संलग्न महाविद्यालयांतच शिकतात. याचा परिणाम असा की, एकाच विद्यापीठाच्या दोन संलग्न महाविद्यालयांत अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका आणि पदवीपत्रावरचे विद्यापीठाचे नाव ही तिन्ही समान असतात, आणि फरक उरतो तो केवळ शिकवण्यात. ज्या एका गोष्टीत महाविद्यालये एकमेकांपासून खरोखर वेगळी असतात नेमकी तीच कटऑफच्या यादीत छापलेली नसते, ही विसंगती नजरेआड करण्याजोगी नाही.

नामवंत महाविद्यालयातून यशस्वी विद्यार्थी बाहेर पडतात हे खरे, पण त्या यशाचे श्रेय महाविद्यालयाला किती आणि विद्यार्थी सोबत घेऊन आलेल्या तयारीला किती, याचा हिशेब अमेरिकेतील स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांडण्याचा प्रयत्न केला. त्यांनी केलेली तुलना चतुर होती: सारख्याच दर्जाच्या महाविद्यालयांनी ज्यांना प्रवेश देऊ केला वा नाकारला, अशा विद्यार्थ्यांपैकी काही जण अधिक नावाजलेल्या महाविद्यालयात गेले आणि काही कमी नावाजलेल्या ठिकाणी गेले, पण पुढील आयुष्यातील त्यांच्या मिळकतीत सरासरीने फारसा फरक आढळला नाही. मात्र या निष्कर्षाला एक अपवाद निघाला, आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांतून आलेल्या विद्यार्थ्यांना चांगल्या महाविद्यालयाचा लाभ स्पष्टपणे झाला. ज्या घरात आधीच पुस्तके, ओळखीपाळखी आणि सल्ला देणारी माणसे आहेत त्या घरातील मुलाला महाविद्यालय थोडेच देते. ज्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी पहिलीच पिढी आलेली असते तिला ते पुष्कळ देऊ शकते, आणि म्हणूनच तिची निवड चुकली तर तिचे नुकसानही अधिक होते.

ही गोष्ट मराठी समाजाला कोणत्याही आकडेवारीच्या आधी ठाऊक होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने १९४७ मध्ये साताऱ्यात महाविद्यालय काढले आणि 'कमवा आणि शिका' ही योजना त्याच्याशी जोडली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत १९४६ मध्ये सिद्धार्थ आणि औरंगाबादला १९५० मध्ये पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय सुरू केले. मराठवाड्याचे स्वतंत्र विद्यापीठ त्यानंतर आठ वर्षांनी, १९५८ मध्ये आले. औरंगाबादच्या नागसेनवन परिसरातील या मिलिंद महाविद्यालयात येणारे पुष्कळ विद्यार्थी घराण्यातील पहिलेच साक्षर होते. त्यांच्या प्रवेशाच्या वेळचे गुण मांडले असते तर आजच्या मापाने ते महाविद्यालय तळाला गेले असते. परंतु म. भि. चिटणीस यांच्यासारखे प्राचार्य, आवारातील वसतिगृहे आणि विद्यार्थ्यांच्या लेखनाची गांभीर्याने दखल घेणारे अध्यापक तेथे होते, आणि साठच्या दशकात दलित साहित्याची जी चळवळ उभी राहिली तिच्या जडणघडणीत या महाविद्यालयाचा वाटा मोठा आहे. आत येताना विद्यार्थी कोठे होता आणि बाहेर पडताना कोठे पोचला, या दोहोंमधले अंतर हे महाविद्यालयाचे खरे काम; कटऑफ फक्त पहिले टोक दाखवतो.

दुसरे टोक दाखवण्याचा दावा पॅकेजचे फलक करतात. त्यांवर सर्वांत मोठा आकडा सर्वांत मोठ्या अक्षरांत असतो आणि त्याखाली 'नव्वद टक्के प्लेसमेंट' असे लिहिलेले असते. दोन्हींचे गणित उघडून पाहणे उपयोगी ठरते. समजा, दहा विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांना वर्षाला साडेतीन लाखांची आणि एकाला चाळीस लाखांची नोकरी लागली, तर सरासरी सात लाख पंधरा हजार निघते, जी रक्कम त्या दहांपैकी कोणालाच मिळालेली नाही. उलट मध्यक, म्हणजे सर्व वेतने चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारे मूल्य, साडेतीन लाखच राहते आणि तेच सर्वसामान्य विद्यार्थ्याच्या वाट्याला येणार असते. टक्केवारीचा घोळ छेदात असतो. एकशे वीस विद्यार्थ्यांच्या तुकडीतून विषय न राहिलेले आणि ठरावीक टक्केवारीवरचे साठ जणच 'पात्र' धरले, त्यांतील चौपन्न जणांना नोकरी लागली, तर फलकावर नव्वद टक्के येतात, तुकडीच्या हिशेबाने मात्र पंचेचाळीसच. फलक खोटे बोलत नाही. तो फक्त छेद सांगत नाही.

याच बाबतीत राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी आराखडा, ज्याला 'एनआयआरएफ' म्हणतात, तो उपयोगी पडतो, पण लोक वापरतात त्या रीतीने नव्हे. २०१६ पासून जाहीर होणाऱ्या या क्रमवारीत कोणाचा कितवा क्रमांक, याची बातमी होते. तथापि क्रमांकापेक्षा मोलाची गोष्ट अशी की, सहभागी संस्थेला आपण पाठवलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्या तक्त्यात पहिल्या वर्षाला किती विद्यार्थी आले, ठरलेल्या मुदतीत किती उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, त्यांच्या वेतनाचा मध्यक किती आणि उच्च शिक्षणाला किती गेले, हे वर्षनिहाय लिहिलेले असते. ही माहिती संस्थेनेच भरलेली असते हे विसरून चालणार नाही. तरीही 'आलेले' आणि 'मुदतीत उत्तीर्ण झालेले' हे दोन आकडे शेजारी ठेवले तर जे दिसते ते कोणत्याही माहितीपुस्तिकेत सापडत नाही.

नॅकविषयी थोडक्यात सांगता येईल. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजेच 'नॅक', ही बंगळूर येथील संस्था १९९४ मध्ये स्थापन झाली. ती सात निकषांवर महाविद्यालयाला चारपैकी गुण देते आणि ३.५१ किंवा त्याहून अधिक गुण मिळाल्यास 'ए प्लस प्लस' ही सर्वोच्च श्रेणी मिळते. श्रेणी सामान्यतः पाच वर्षे टिकते, त्यामुळे फाटकावरची कमान कोणत्या वर्षीची आहे हे विचारणे योग्य ठरते. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने मूल्यांकन समितीतील सदस्यांना लाचखोरीच्या आरोपावरून अटक केल्यानंतर या श्रेणींकडे पाहण्याची दृष्टी अधिक सावध झाली, हे बरेच झाले. परंतु मूल्यांकन शंभर टक्के प्रामाणिक असले तरी ते संपूर्ण संस्थेचे असते. विद्यार्थी मात्र संस्थेत शिकत नाही, तो एका विभागात शिकतो. उत्कृष्ट श्रेणीच्या महाविद्यालयात एखादा विभाग ओस पडलेला असू शकतो, आणि बेताच्या श्रेणीच्या महाविद्यालयात दोन समर्पित अध्यापकांनी वनस्पतिशास्त्राचा विभाग जिल्ह्यात नावाजलेला ठेवलेला असू शकतो. अभियांत्रिकीत एकेका अभ्यासक्रमाची स्वतंत्र तपासणी करणारे राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ आहे आणि त्याची मान्यता शाखेगणिक पाहता येते, ही त्यातल्या त्यात चांगली सोय.

विभाग पाहायचा तर कोठे पाहायचा, याचे उत्तर विभागाबाहेरच्या सूचनाफलकावर असते. तेथे टाचणीने लावलेल्या वेळापत्रकात प्रत्येक तासिकेच्या चौकोनात विषयाखाली अध्यापकाची आद्याक्षरे लिहिलेली असतात. तीच चार-पाच आद्याक्षरे आठवडाभर पुन्हा पुन्हा येत असतील तर विभागाला कायमस्वरूपी अध्यापक आहेत. काही चौकोनांत आद्याक्षरांच्या जागी 'सीएचबी' लिहिले असेल किंवा जागा कोरी असेल, तर तेथे तासिका तत्त्वावरील अध्यापक आहे किंवा अद्याप कोणी नाही. तासिका तत्त्व म्हणजे शिकवलेल्या तासांपुरतेच मानधन देण्याची पद्धत. अनुदानित महाविद्यालयांत निवृत्त झालेल्या प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे भरल्या न गेल्याने ही पद्धत तात्पुरत्या सोयीची राहिली नाही, तिच्यावरच कित्येक विभाग चालतात. हे अध्यापक नेट-सेट उत्तीर्ण, पुष्कळदा पीएच.डी. झालेले असतात आणि त्यांच्या शिकवण्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण तास संपताच त्यांना दुचाकीवरून दुसऱ्या महाविद्यालयातील तास गाठायचा असतो, आणि तासानंतर शंका घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला स्टाफरूममध्ये रिकामी खुर्ची भेटते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन करावयाचे असते आणि उरलेला वेळ महाविद्यालयातच विद्यार्थ्यांसाठी व अभ्यासासाठी द्यावयाचा असतो. विद्यार्थी घडतो तो मुख्यतः या उरलेल्या वेळात, आणि विनाअनुदानित असो वा अनुदानित, ज्या विभागात तो वेळ देणारा माणूस नाही तेथे पदवी मिळते, पण शिक्षण अर्धेच होते.

दुसरी खूण जर्नलमध्ये सापडते. भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या चार विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्या शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि दोलकाचा प्रयोग उघडावा. दोलनाला लागलेला वेळ हाताने मोजलेला असतो, घड्याळाची कळ कोणी क्षणभर आधी दाबतो, कोणी नंतर, म्हणून चौघांची निरीक्षणे थोडीथोडी वेगळी यायला हवीत आणि गुरुत्वीय त्वरणाचे उत्तरही थोडे इकडेतिकडे सरकायला हवे. चौघांचेही उत्तर दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या अंकापर्यंत एकच असेल, तर प्रयोग एकानेच केला आहे किंवा कोणीच केलेला नाही, आणि मागील वर्षाची जर्नल पुढच्या वर्षाकडे वारशाने आलेली आहे. ग्रंथालयातही अशीच साक्ष मिळते: क्रमिक पुस्तकांपलीकडचे एखादे पुस्तक काढून त्याच्या शेवटच्या पानावर डकवलेली तारीखपट्टी पाहिली की त्यावरचा अखेरचा शिक्का या वर्षीचा आहे की बारा वर्षांपूर्वीचा, हे लगेच कळते. संगणकावर देवघेव होत असेल तर ग्रंथपाल तोच आकडा सांगू शकतात, आणि असे विचारणारा कोणी भेटला याचा त्यांना सहसा आनंदच होतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० राज्यातील संलग्न महाविद्यालयांना २०२४-२५ पासून लागू झाल्यानंतर कला, विज्ञान आणि वाणिज्य शाखांच्या निवडीत आणखी एक बाब शिरली आहे, जिची चर्चा फारशी होत नाही. या रचनेत विद्यार्थ्याने एका मुख्य विषयाबरोबर गौण विषय आणि दुसऱ्या विद्याशाखेतील खुले वैकल्पिक विषय घ्यावयाचे असतात, आणि प्रत्येकाचे श्रेयांक, म्हणजे अध्ययनाचे मोजमाप, ठरलेले असतात; साधारणतः पंधरा तासांच्या अध्यापनाला किंवा तीस तासांच्या प्रात्यक्षिकाला एक श्रेयांक मिळतो. कागदावर हे स्वातंत्र्य मोठे आहे. प्रत्यक्षात ज्या महाविद्यालयात सहाच विभाग आहेत तेथे विद्यार्थ्याला त्या सहांतूनच निवडावे लागते, तत्त्वज्ञान वा संख्याशास्त्र शिकवणारे कोणी नसेल तर ते विषय यादीत असून नसल्यासारखे होतात, आणि उपलब्ध अध्यापकाचा कार्यभार पुरा करण्यासाठी गौण विषय ठरवला जातो. म्हणून धोरण काय म्हणते याऐवजी मागील वर्षी किती गौण विषयांचे वर्ग खरोखर भरले, हे विचारले पाहिजे. बहुविद्याशाखीय शिक्षणाची भाषा जुन्या, मोठ्या, अनेक विभाग राखून असलेल्या महाविद्यालयांच्या पथ्यावर पडली आहे, आणि लहान गावातील एकशाखीय महाविद्यालयाची त्यात कोंडी झाली आहे, असे स्पष्ट म्हणणे भाग आहे.

खर्चाचा विचार बहुतेक कुटुंबे नीट करतात, तरी दोन ठिकाणी चूक होते. व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते पाहता येते, पण वसतिगृह, खाणावळ आणि प्रवास त्यात नसतो. अभिमत विद्यापीठे, म्हणजे केंद्राने विद्यापीठाचा दर्जा बहाल केलेल्या संस्था, तर या प्राधिकरणाच्या कक्षेतच येत नाहीत. दुसरे असे की, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसारख्या योजनांचा लाभ, तसेच २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना जाहीर झालेली पूर्ण शुल्कमाफी, केंद्रीभूत प्रक्रियेतून आलेल्यांसाठी आहे. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की ती हातची जाते. अंतराचे म्हणावे तर एसटीच्या वेळापत्रकावर ज्या मुलीचे शिक्षण अवलंबून आहे तिच्यासाठी प्रात्यक्षिक किती वाजता सुटते आणि गावाकडची शेवटची गाडी किती वाजता निघते, या दोन वेळांतला फरक कोणत्याही श्रेणीपेक्षा निर्णायक असतो. दुपारची प्रात्यक्षिके बुडवून गाडी गाठणारी विद्यार्थिनी तीन वर्षांत किती प्रयोगांना मुकते, याचा हिशेब कोणत्याही मूल्यांकनात धरला जात नाही.

या सर्व गोष्टी पाहण्यासारख्या असूनही पाहिल्या जात नाहीत, याचे एक कारण अगदी साधे आहे. महाविद्यालयाला भेट देण्याची वेळ म्हणून जी मानली जाते ती निकालानंतरची, जून-जुलैची. त्या काळात प्रवेशकक्ष उघडा असतो, स्वागताला खुर्च्या मांडलेल्या असतात, माहितीपुस्तिका हातात मिळते. वर्ग पुष्कळदा सुरूच झालेले नसतात, आणि वेळापत्रक फलकावर लागलेले असले तरी ते मागील सत्राचे असते. पसंतीक्रमाचा अर्ज भरायला त्या वेळी दिवस हातात मोजकेच उरतात, आणि कॅपच्या पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर ते स्वीकारावे लागते, मागाहून मन बदलण्यास वाव नसतो. सत्र ऐन भरात असते ते ऑगस्ट-सप्टेंबरात. बारावीतील विद्यार्थी तेव्हा अभ्यासात अडकलेला असतो, पण पालक मोकळे असू शकतात. ज्यांच्या घरी पुढील वर्षी हा निर्णय व्हावयाचा आहे त्यांनी येत्या सप्टेंबरातील एखाद्या मंगळवारी, पूर्वसूचना न देता, सकाळी अकराच्या सुमारास त्या विभागापुढे जाऊन उभे राहावे, फलकावरचे वेळापत्रक वाचावे आणि त्या तासाला नोंदलेल्या खोलीत तो वर्ग खरोखर चालू आहे की नाही, एवढे पाहून यावे.